वैजयंतीमालांचा नाच कोणत्या कपाटात?

प्रति,
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे



2024 च्या जानेवारीत वैजयंतीमाला बाली यांना पद्मविभूषण जाहीर झालं. त्याच सुमारास अयोध्येच्या राममंदिरातल्या रागसेवेत त्यांनी भरतनाट्यम केलं. वय नव्वद. ती चित्रफीत घराघरांतल्या फोनवर फिरली आणि बहुतेकांचं कौतुक 'या वयात!' एवढ्या उद्गारावर संपलं. त्यात पाहण्यासारखं मात्र निराळंच होतं. पायांचं काम अर्थातच बेताचं होतं. पण हात जिथे जाई तिथे नजर जात होती आणि नजरेमागोमाग चेहरा. भरतनाट्यमच्या वर्गात हे पहिल्याच वर्षी सांगतात. जमायला मात्र बऱ्याच जणींचा जन्म जातो.

आता हे पत्र चित्रपट जपणाऱ्या संस्थेला का, नाचाच्या संस्थेला का नाही, ते सांगतो.

देशातल्या सरकारी वाटणीत नृत्य हे संगीत नाटक अकादमीकडे गेलं आणि सिनेमा आपल्याकडे आला. वैजयंतीमालांना अकादमीचा पुरस्कार 1982 मध्ये भरतनाट्यमसाठी मिळाला; फिल्मफेअरच्या बाहुल्या मिळाल्या त्या अभिनयासाठी. दोन्हीकडे त्यांचं नाव मानानं घेतलं जातं, पण दोन्हीकडे अर्धंच. सिनेमावर लिहिणारे त्यांच्या नाचाची 'उत्तम नर्तिकाही होत्या' अशा एका वाक्यात बोळवण करतात. नृत्यावर लिहिणारे सिनेमाची वीस वर्षं पानाखालच्या टीपेत ढकलतात. आणि या दोघांच्या मधे जे पडद्यावर घडलं, म्हणजे शास्त्रीय नाचात मुरलेलं एक शरीर कॅमेऱ्यापुढे आलं तेव्हा काय झालं, ते नीट कुणी मांडलेलं नाही. त्याचा पुरावा अकादमीकडे नाही, रिळांत आहे. म्हणून आपल्याला लिहितो आहे.

सुरुवात मद्रासपासून करायला हवी. 1947 मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथा बंद करणारा कायदा झाला. नाच त्याआधीच देवळातून आणि दरबारातून उठून सभागृहांत येऊ लागला होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल 1930 च्या दशकातच व्यासपीठावर आल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या हा नाच शिकवणारे नट्टुवनार आता ब्राह्मण आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना शिकवू लागले, आणि त्यांतले काही सिनेमाच्या स्टुडिओतही गेले. वळुवूर रामय्या पिळ्ळै हे त्यांतलं मोठं नाव. कुमारी कमला त्यांची शिष्या. 1947 च्या 'नाम इरुवर'मध्ये तिचे नाच लोकांनी डोक्यावर घेतले आणि एव्हीएम स्टुडिओच्या मेय्यप्पन यांना कळलं की शास्त्रीय नाचाला तिकीटबारीवरही किंमत आहे. पुढच्याच वर्षी जेमिनी स्टुडिओच्या वासन यांनी 'चंद्रलेखा'त प्रचंड नगाऱ्यांवर नर्तकी नाचवल्या आणि तो देशभर चालवून दाखवला.

वैजयंतीमाला याच वळुवूर रामय्या पिळ्ळै यांच्या शिष्या. आई वसुंधरादेवी तमिळ पडद्यावरची तारका, 'मंगम्मा शपथम्' (1943) या गाजलेल्या चित्रपटाची नायिका; पण मुलीला वाढवलं आणि शिस्त लावली ती आजी यदुगिरीदेवी यांनी. अगदी लहानपणी युरोपच्या दौऱ्यात तिनं पोप बारावे पायस यांच्यासमोर नाच केला होता. पुढे दिग्दर्शक एम. व्ही. रामन 'वाळ्कै'साठी नवा चेहरा शोधत होते, तेव्हा त्यांनी ही मुलगी मद्रासच्या गोखले हॉलमध्ये नाचताना पाहिली. हो, हे सभागृह आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्याच नावाचं. 'वाळ्कै' 1949 मध्ये आला, तेलुगू 'जीवितम्' 1950 मध्ये, हिंदी 'बहार' 1951 मध्ये. हिंदीतले संवाद तिनं स्वतःच्या आवाजात म्हटले.

म्हणजे क्रम असा: आधी नाच, नाचामुळे सिनेमा. तिला अभिनय आला तो रंगमंचावरच्या संथ, भावप्रधान पदम्‌मधून. पुढचं सगळं या क्रमातून निघतं, आणि चरित्रांत नेमका हाच उलटा होतो.

'नागिन' (1954) हा तिचा हिंदीतला पहिला दणदणीत चित्रपट. खरं बोलायचं तर नाच म्हणून 'नागिन'मध्ये फार काही नाही. तो चालला हेमंतकुमारांच्या संगीतावर आणि कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर काढलेल्या बीनेच्या सुरावर. ती बीन पुढची कित्येक वर्षं लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांची भाकरी झाली. वैजयंतीमालांच्या वाट्याला आला तो 'नाचणारी नटी' हा शिक्का.

बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी तो शिक्का बाजूला ठेवला. 'देवदास' (1955) मधली चंद्रमुखी कोठ्यावर नाचते, पण तिचं मोठं दृश्य नाचाचं नाहीच. पारो पालखीत आहे, चंद्रमुखी रस्त्यानं चालते आहे, दोघींची नजरानजर होते. एकही शब्द नाही. एका माणसावर जीव लावून बसलेल्या दोन स्त्रिया एकमेकींना ओळखत नाहीत, आणि तरी ओळखतात. हे दृश्य आपल्या पडद्यावर पुन्हा लावून पाहा. सुचित्रा सेन चेहरा जवळजवळ स्थिर ठेवतात. वैजयंतीमाला काही करत नाहीत असं वाटतं, पण आधी मान थांबते, मग पाऊल, आणि डोळे सर्वांत शेवटी. भरतनाट्यमच्या अभिनयात शरीर असंच टप्प्याटप्प्यानं थांबवायला शिकवतात. सिनेमाच्या भाषेत त्याला संयत अभिनय म्हणतात आणि श्रेय जातं दिग्दर्शकाला.

या भूमिकेसाठी फिल्मफेअरनं त्यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार देऊ केला. त्यांनी तो नाकारला. चंद्रमुखी पारोच्या बरोबरीची आहे, दुय्यम नाही, हे त्यांचं म्हणणं. विशीतली मुलगी, दक्षिणेतून आलेली, हिंदीत जेमतेम पाच वर्षं झालेली; आणि ती सांगते की तुमचा रकाना चुकला आहे. त्या काळी हा उद्धटपणा वाटला असणार. मला तो मुद्देसूद वाटतो. पुढे 'साधना' (1958) साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा 'मधुमती'साठीही त्यांचंच नाव नामांकनात होतं. त्या वर्षी त्यांची एक स्पर्धक त्या स्वतःच होत्या.

'मधुमती'ची एक गोष्ट महाराष्ट्राच्या वाचकाला आवडेल. नैनितालच्या बाजूला केलेलं बरंचसं चित्रीकरण धूसर निघालं आणि वाया गेलं. मग कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय यांनी आपल्या इगतपुरीजवळ, वैतरणा धरणाच्या परिसरात पाइनची खोटी झाडं उभी केली. हिमालय म्हणून जो पाहून लोक भारावले त्यातला मोठा भाग नाशिक जिल्ह्यातला सह्याद्री आहे.

पण ज्याच्यासाठी हा लेखनप्रपंच, तो चित्रपट त्याच 1958 सालचा आणि तमिळ आहे. वासन यांचा 'वंजिकोट्टै वालिबन'. नायक जेमिनी गणेशन, दोन नायिका पद्मिनी आणि वैजयंतीमाला. त्यात दरबारातली नृत्यस्पर्धा आहे. पार्श्वगायिका पी. लीला आणि जिक्की. संगीतकार कोण, तर आपले सी. रामचंद्र! पुणतांब्याचा, चितळकर आडनावाचा माणूस मद्रासला बसून दोन भरतनाट्यम नर्तकींच्या सवाल-जबाबाला चाल लावतो, आणि तमिळ माणूस ती साठ-सत्तर वर्षं विसरत नाही. महाराष्ट्रात सी. रामचंद्रांवर इतकं लिहिलं गेलं, कार्यक्रम झाले. या गाण्याचा उल्लेख त्यांत क्वचित भेटतो. हिंदीत त्यांचं आणि वैजयंतीमालांचं जमलेलं 'ईना मीना डीका' सगळ्यांना पाठ आहे. ते ज्या 'आशा' (1957) मधलं, त्याचे दिग्दर्शकही गोखले हॉलवाले एम. व्ही. रामनच.

ती स्पर्धा जरा जवळून पाहू. नृत्यदिग्दर्शक हिरालाल, जयपूरकडच्या परंपरेतले, कथकच्या घरचे. समोर दोन दाक्षिणात्य नर्तकी. पद्मिनी त्रावणकोरच्या, कथकलीच्या वळणानं गुरू गोपिनाथांकडे घडलेल्या. तिची हालचाल गोल, लवचिक, खांद्यातून सुरू होणारी. वैजयंतीमाला वळुवूर परंपरेच्या. कंबर स्थिर, रेषा सरळ, हात कोपरातून ताणलेला, आणि पाय पडतो तेव्हा जमिनीशी त्याचं काही भांडण असावं असा. संथ लयीत पद्मिनी भारी वाटते. लय दुप्पट झाली की पारडं फिरतं. दोघी समोरासमोर येतात तेव्हा कॅमेरा मागे सरकून दोन्ही देह पायांसकट चौकटीत घेतो, आणि इथेच हा नाच बाकीच्या फिल्मी नाचांपासून वेगळा पडतो. निकाल लागायच्या आतच तो तुटतो. प्रेक्षक मात्र आजही दोन तट करून भांडतात.

पाय चौकटीत असणं ही फार मोठी गोष्ट आहे. भरतनाट्यमची सगळी मांडणी अरमंडीवर उभी: गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेलं शरीर, त्यातून निघणारे त्रिकोण. कॅमेरा कमरेवर आला की अडवू, म्हणजे पाय-हात मिळून होणारी नाचाची मूळ हालचाल, संपला. फक्त हात हलताना दिसतात. उलट अभिनयात कॅमेरा नर्तकीला असं काही देतो जे हजार माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेला कधीच मिळत नाही. पापणीची थरथर, ओठाचा कोपरा. म्हणून चांगल्या नृत्यदिग्दर्शकाला सतत ठरवावं लागतं की पाय दाखवायचे की डोळे, आणि संकलकाला तेवढंच भान लागतं. शिवाय रंगमंचावर नट्टुवनार नर्तकीकडे पाहून ताल देतो. ती एखादी ओळ लांबवते, गायिका थांबते. पार्श्वगायनात सगळं उलटं. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं, मात्रा बांधलेल्या, घुंगरांचा आवाजसुद्धा बहुतेक वेळा स्टुडिओत दुसऱ्यानं वाजवलेला. रंगमंचावर एक वर्णम् पाऊण तास चालतो. इथे सगळं सहा-सात मिनिटांत, तेही तुकड्या-तुकड्यांत आणि दिव्यांच्या उष्णतेत उभं राहून. यातून जे उरतं ते भरतनाट्यम नव्हे, यावर शुद्धतावादी ठाम आहेत. बरोबर आहे त्यांचं. पण मग ते आहे काय, हा प्रश्न त्यांनी आपल्यावर सोडला.

त्याचं एक उत्तर 'आम्रपाली'त (1966) सापडतं. लेख टंडन यांचा हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला आणि इथे तिकीटबारीवर आपटला. वैशालीची नगरवधू, अजातशत्रू, बुद्ध. भानू अथय्यांनी वेशभूषेसाठी अजिंठ्याची लेणी गाठली. कोल्हापूरची ही बाई पुढे 'गांधी'साठी ऑस्कर घेऊन आली, पण माझ्या मते 'आम्रपाली'तलं तिचं काम त्याहून धीट आहे, कारण तिला असा पोशाख करायचा होता ज्यात भित्तिचित्रातली स्त्री नाचू शकेल. नृत्यं गोपीकृष्ण यांची, म्हणजे पुन्हा कथकवाला. पडद्यावर जे येतं ते कथकही नाही, भरतनाट्यमही नाही: अजिंठ्यातल्या त्रिभंगात उभी राहणारी, मद्रासच्या शिस्तीत वाढलेली, बनारस घराण्याच्या माणसानं बसवलेली एक तिसरीच गोष्ट. शंकर-जयकिशन यांनी या चित्रपटात वाद्यांचा धांगडधिंगा आवरता घेतला, हेही नोंदवायला हवं. चित्रपट पडल्याचं वैजयंतीमालांना फार लागलं, असं नेहमी सांगितलं जातं. त्यानंतर चारच वर्षांत त्या पडद्यावरून गेल्या.

जाताजाता विजय आनंद यांनी त्यांच्याकडून 'ज्वेल थीफ' (1967) मधला शेवटाकडचा नाच करून घेतला. तो सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे थोडक्यात. सचिनदेव बर्मन यांचं संगीत, सोहनलाल यांचं नृत्यदिग्दर्शन, आणि असा कॅमेरा जो नर्तकीबरोबर अख्ख्या दालनाला वळसा घालतो. गोष्टीत त्यांची शालिनी भेदरलेली आहे. तिला गुपित सांगायचंय आणि सांगता येत नाही. गिरक्या घेताना चेहऱ्यावर दरबाराला दाखवायचं हसू आहे आणि डोळ्यांत भीती. एकाच वेळी दोन भाव, दोन प्रेक्षकांसाठी. पदम् वर्षानुवर्षं केलेल्या बाईलाच हे पेलतं. मुंबईच्या नृत्यशाळांत आजही या गाण्यावर पोरी नाचतात. गिरक्या त्यांना जमतात.

सगळंच नाचाच्या खात्यावर टाकायचं नाही. 'गंगा जमना'तली (1961) धन्नो अवधी वळणाची बोली बोलते, आणि मद्रासच्या बाईच्या तोंडी ती उपरी वाटत नाही. त्यासाठी दुसरं फिल्मफेअर. तिसरं राज कपूर यांच्या 'संगम'साठी. तो आला 1964 मध्ये, आपलं संग्रहालय सुरू झालं त्याच वर्षी. तपन सिन्हांच्या 'हाटे बाजारे'त (1967) त्या बंगालीत उभ्या राहिल्या, तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. तमिळ, तेलुगू, हिंदी, बंगाली. हेमामालिनी, मीनाक्षी शेषाद्री या नृत्यांगना दाक्षिणात्य घरांतून मुंबईच्या पडद्यावर नायिका म्हणून आल्या, त्यांच्यासाठी हा रस्ता वैजयंतीमालांनी आधीच रुळवून ठेवला होता.

1968 मध्ये डॉ. चमनलाल बाली यांच्याशी लग्न, 1970 चा 'गँवार' हा हिंदीतला शेवटचा चित्रपट. नंतर दोनदा मद्रास दक्षिणमधून लोकसभा, मग राज्यसभा. राजकारणाबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. लिहायला हवं ते तंजावूरबद्दल.

पडदा सोडल्यावर त्या नाचातून निवृत्त झाल्या नाहीत. उलट अधिक जुन्या नाचाकडे गेल्या. तंजावूरच्या के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे त्यांनी दीर्घ काळ काम केलं. किट्टप्पा हे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांच्या वंशातले. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूनं सुरू होऊन तिल्लान्यानं संपतो, त्या क्रमाला आकार दिला तो या चौघांनी, दुसऱ्या सरफोजी भोसल्यांच्या दरबारात. सरफोजींची कारकीर्द 1798 ते 1832. मराठी राजा, तेलुगू-तमिळ साहित्य, कर्नाटक संगीत. खुद्द सरफोजींच्या नावावर नाचासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयातलं 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' हे बाड त्यांचंच. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या मराठी रचना शोधून, अभ्यासून, नाचात पुन्हा उभ्या केल्या. आणि पार्वतीकुमारांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे शिकायला गेल्या त्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेच.

म्हणजे 'ज्वेल थीफ'ची शालिनी आणि आपल्या पुण्यातल्या सुचेताताई या गुरुभगिनी. एकीनं किट्टप्पांकडून तंजावूरचं जुनं भांडार घेतलं, दुसरीनं तिथलीच मराठी पदं घेतली आणि हिंदुस्तानी संगीतावर 'नृत्यगंगा' उभी केली. आपल्या इमारतीपासून काही किलोमीटरच्या आत या परंपरेत तयार झालेल्या किमान दोन पिढ्या आज शिकवत आहेत. वैजयंतीमालांच्या पडद्यावरच्या नाचात वळुवूर कुठे आहे, हिरालाल कुठे, आणि नुसती संकलकाची कात्री कुठे, हे त्या पंधरा मिनिटांत बोटानं दाखवतील. आम्ही सिनेमावर लिहिणारे नाही दाखवू शकत.

मागणं आता सरळ सांगतो.

चित्रपटाच्या सूचीत दिग्दर्शक, छायालेखक, संगीतकार, गायक असतात. नृत्यदिग्दर्शक हा तितकाच पक्का रकाना करा, आणि तो गाण्यागणिक भरा. हिरालाल, सोहनलाल, गोपीकृष्ण यांची कामं एका चित्रपटात एकानं बसवलेली, दुसऱ्यात तिघांनी वाटून घेतलेली असतात. श्रेयनामावलीत सगळी नावं एका पाटीवर गर्दीनं येतात आणि कोणता नाच कुणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. गोपीकृष्ण 1994 मध्ये गेले, किट्टप्पा 1999 मध्ये, पद्मिनी 2006 मध्ये, सोहनलाल यांच्या हाताखाली तयार झालेल्या सरोज खान 2020 मध्ये. सेटवर मागच्या रांगेत नाचलेल्या मुली आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आठवतं. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. मागच्या रांगेतल्या म्हणून त्यांना कुणी विचारलेलं नसतं, आणि तालमीत काय घडलं ते नायिकेपेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं.

रिळांबद्दल मी आपल्याला काय सांगणार. 1950 च्या दशकाच्या आरंभापर्यंतची नायट्रेट फिल्म पेट घेते, नंतरची ॲसिटेट फिल्म व्हिनेगरचा वास सोडत आक्रसत जाते. 2003 च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या रिळांना लागलेली आग पुणेकर विसरलेले नाहीत. एवढंच म्हणतो की 'वाळ्कै', 'जीवितम्', 'बहार' हे तिन्ही चित्रपट नायट्रेटच्या काळातले आहेत आणि सोळा-सतरा वर्षांच्या वैजयंतीमालांचं शरीर, वळुवूरची शिकवण ताजी असतानाचं, त्यांतच आहे. चित्रपट म्हणून ते थोर नसतील. नाचाचा दस्तऐवज म्हणून त्यांना तोड नाही, कारण रंगमंचावरचा तो नाच कुणी चित्रित करून ठेवलेला नव्हता. पुनरुज्जीवनाची यादी बनवताना 'थोर चित्रपट' ही एकच कसोटी लावली तर असे चित्रपट कायम शेवटी राहतील. पी. के. नायर यांनी हे संग्रहालय उभं करताना हाती लागेल ते रीळ जपायचं ठरवलं होतं, चांगलं-वाईट न निवडता. ती दृष्टी इथे कामाला येईल.

आणि एक कार्यक्रम करा. लॉ कॉलेज रोडच्या आपल्या प्रेक्षागृहात एका शनिवार-रविवारी 'देवदास', 'वंजिकोट्टै वालिबन', 'आम्रपाली' आणि 'ज्वेल थीफ' दाखवा. तमिळ चित्रपटाला मराठी उपशीर्षकं द्या, सी. रामचंद्रांसाठी तरी हॉल भरेल. प्रत्येक चित्रपटाआधी समीक्षकाऐवजी नृत्यांगनेला बोलवा. तिला रंगमंच मोकळा करून द्या, घुंगरू बांधू द्या. जो अडवू पडद्यावर अर्धा कापला गेला तो तिनं समोर पुरा करून दाखवावा, आणि मग दिवे मालवावेत. संगीत नाटक अकादमीला या कार्यक्रमात भागीदार करून घ्या. 1982 चा पुरस्कार त्यांनीच दिला होता.

वैजयंतीमालांचा वाढदिवस 13 ऑगस्टला असतो. येत्या ऑगस्टसाठी प्रेक्षागृहाची तारीख आताच राखून ठेवा आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांच्या नावाखाली चारही नाचांच्या नृत्यदिग्दर्शकांची नावं छापा.

कळावे.

आपला,
एक प्रेक्षक